छंदाचं सोवळं

हौसेने केलेल्या कामाचे पैसे घेऊ नयेत, निदान उतारवयात तरी घेऊ नयेत, हे मत आपल्याकडे इतक्या सभ्य स्वरात मांडलं जातं की त्याला विरोध करणारा आपोआपच लोभी ठरतो. ज्येष्ठ नागरिक संघातली व्याख्यानं, रविवारच्या पुरवण्या, लग्नाच्या पंगतीनंतरच्या गप्पा, सगळीकडे ते ऐकू येतं. आयुष्यभर पोटासाठी राबलात, आता तरी एखादी गोष्ट पैशाविना करा. छंदाला दरपत्रक चिकटलं की त्यातला आनंद गेला. आणि गरज नसताना साठीनंतर कसला धंदा मांडता?

मी बँकेतून निवृत्त झाले आणि जुनी पुस्तकं पैसे घेऊन बांधून देते. बांधणीचा नाद नोकरीच्या दिवसांपासूनचा आहे, पैसे घेणं अलीकडचं. त्यामुळे हा लेख तटस्थ नाही. पण समोरचं मतही तटस्थ नाही आणि त्याचे लाभार्थी कोण, हे आपण फारसं विचारत नाही. ते आधी विचारू.

कुठल्याही मध्यम आकाराच्या सोसायटीचा गणेशोत्सव घ्या. मांडववाला पैसे घेतो, आगाऊ घेतो. स्पीकरवाला घेतो. बटाटेवड्यांची ऑर्डर घेणारा घेतो. मूर्ती पेणहून आलेली असते, तिचे पैसे तर लोक घासाघीस न करता देतात. मग एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दीड तास भावगीतं गातात. त्यांनी पंधरा दिवस रियाज केलेला असतो, गरम पाण्याच्या गुळण्या करून घसा सांभाळलेला असतो. साथीचा तबलजी बाहेरचा म्हणून त्याला पाकीट. काकू घरच्या म्हणून त्यांना शाल आणि श्रीफळ. अध्यक्ष माइकवरून म्हणतात, काकूंनी कसलीही अपेक्षा न ठेवता सेवा दिली. अपेक्षा होती की नव्हती, हे काकूंना कोणी विचारलेलं नसतं. अशा शाली कपाटात साठत जातात आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या सत्काराला उपयोगी पडतात. या शालींच्या अर्थशास्त्रावर कोणी तरी प्रबंध लिहायला हवा.

सांगायचं एवढंच की फुकट असं काही त्या संध्याकाळी घडलेलंच नसतं. वेळ खर्ची पडला, श्रम खर्ची पडले, वर्षानुवर्षांची शिकवणीची फी त्या गळ्यात मुरली होती. बिल फक्त एकीनेच भरलं. ज्यांनी भरलं नाही ते तिला निःस्वार्थीपणाचं प्रमाणपत्र देत असतात.

बायकांच्या बाबतीत हे फार सहज घडतं. दिवाळीत अनारसे उत्तम करणारी एखादी बाई प्रत्येक नात्यागोत्यात असते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळून त्यात गूळ मिसळायचा, पीठ मुरू द्यायचं. खसखशीवर थापून तुपात सोडताना आच जरा चुकली की अनारसा हसतो, म्हणजे कढईत विरघळून पसरतो, आणि मग सगळा घाणाच वाया. या विद्येचं कौतुक सगळे करतात. कौतुकामागोमाग डबे येतात. सुनेच्या ऑफिससाठी दोन, व्याह्यांकडे एक, अमेरिकेतल्या भाच्याला कुरिअरने जाणाऱ्या पेटीत एक. तिला आवडतं करायला, असं म्हणून सगळे मोकळे होतात. तीच बाई एके वर्षी म्हणाली की यंदापासून किलोला अमुक रुपये, तर घरात शांतता पसरते. बाजारातल्या अनारशांना तोच भाव हे लोक तक्रार न करता देतात. तेव्हा आक्षेप पैशाला नसतो. आपल्या माणसाने आपल्याकडे मागितले, याला असतो.

आता पावित्र्याच्या मुद्द्याकडे येऊ. कला आणि पैसा यांचा स्पर्श होऊ नये, झाला तर कला बाटते, अशी एक समजूत आहे आणि ती आपली परंपरा म्हणून सांगितली जाते. परंपरा तपासली तर भलतंच दिसतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानच्या आश्रयाने. १८५१ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन वारले, आश्रय आटला आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव निघावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांचे प्रयोग झाले. मराठी नाटक लोकांचं झालं ते लोक पैसे मोजून आत येऊ लागल्यावर. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं तेव्हा अण्णासाहेब सरकारी कचेरीत नोकरी करत होते. आज ज्याला आपण संगीत नाटकाचा सुवर्णकाळ म्हणून डोळे मिटून माना डोलावतो, त्याची सुरुवात एका नोकरदाराच्या फावल्या वेळातल्या नादातून झाली आणि तो काळ टिकला तिकीटविक्रीवर. हे दोघे म्हातारपणी या वाटेला लागलेले नव्हते, हे मला कोणी सांगायला नको. इथे मुद्दा विटाळाचा आहे, वयाचा नंतर येतो.

वयाचंच हवं असेल तर कमलाबाई ओगले आहेत. १९७० मध्ये ‘रुचिरा’ आलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. आयुष्यभर स्वयंपाकघरात जे केलं तेच त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात बसवून पुस्तकात घातलं, पुस्तकाला किंमत लावली आणि ते घरोघर विकलं गेलं. नव्याने संसार मांडणाऱ्या किती मुलींच्या पेटीत ते गेलं असेल! त्यामुळे कमलाबाईंच्या हातची चव उतरली, असं म्हणणारा अजून मला भेटायचा आहे. उलट घरातल्या घरात अंदाजाने चालणारं ज्ञान विकायचं ठरलं की ते मोजावं लागतं, तपासावं लागतं, परक्याला कळेल असं सांगावं लागतं. ‘चवीप्रमाणे’ एवढंच लिहून पैसे मागता येत नाहीत.

समोरची मंडळी अशा वेळी हमखास दिनकर केळकरांचं नाव काढतात, आणि ते नाव खरोखरच वजनदार आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दरवाजे असं काय काय आयुष्यभर गोळा केलं, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. विकलं असतं तर किती आले असते याचा हिशेबही करवत नाही. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं, हे सांगायला लोक विसरतात. छंदाला पैशापासून दूर ठेवायचं तर छंदाच्या मागे पैसा देणारं दुसरं काही तरी खंबीर उभं असावं लागतं. दुकान असो, जमीन असो, नवऱ्याचा पगार असो. ज्याच्याकडे ते आहे त्याने छंद सोवळ्यात ठेवावा. ज्याच्याकडे नाही त्याला सोवळ्याचा उपदेश करू नये.

गरज कोणाला आहे, हा प्रश्न म्हणूनच इतक्या सहज उडवून लावण्यासारखा नाही. व्याख्यानं देणारे बहुधा जुन्या पेन्शनीतले असतात. नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी राज्य सरकारने ती पेन्शन बंद केली. खासगी कंपन्यांतल्या लोकांची स्थिती याहून वाईट. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली आणि ती वाढवा म्हणून म्हातारी माणसं आंदोलनं करत आली आहेत. हजार रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्या आणि गुडघ्याचं मलम तरी बसतं का, ते औषधांच्या दुकानात विचारून बघा. आणि ज्या बाईने जन्मभर घर सांभाळलं तिला पेन्शनच नाही. तिच्या भरतकामाचे, लोणच्यांचे, गाण्याच्या शिकवणीचे आलेले दोन-तीन हजार रुपये हे कदाचित तिच्या आयुष्यातले पहिले पैसे असतात, ज्यांचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नाही. त्याला लोभ म्हणायला मन फार घट्ट लागतं.

पण समजा गरज नाही. पोटभर पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली आहेत. तरीही मी म्हणेन पैसे घ्या, आणि इथे मला शास्त्राचा आधार देणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे. हल्ली या वादात एक प्रयोग हटकून पुढे केला जातो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली, ज्यांना रंगीत मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र देऊ. काहींना आधी न सांगता नंतर तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी आमिष दाखवलेल्या मुलांचा चित्रांकडे ओढा कमी झालेला होता. झालं! मोबदला मिळाला की आवड मरते, हे सिद्ध.

इतकं सोपं ते नाही. ज्या मुलांना न सांगता बक्षीस मिळालं त्यांची आवड मुळीच घटली नव्हती, म्हणजे बक्षिसात स्वतःचं असं विष काही नव्हतं. बाधलं ते मोठ्या माणसाने आधी अट घालणं. त्याआधी, १९७१ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीने विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. प्रत्येक कोड्यामागे डॉलर मिळालेल्यांचा उत्साह नंतर ओसरला, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण शाबासकी मिळालेल्यांचा ओसरला नाही, आणि डेसीने पुढे जन्मभर जी मांडणी केली तिचा गाभा असा की माणसाला आपण कोणाच्या तरी तालावर नाचतो आहोत असं वाटलं की गोडी जाते, आणि आपलं काम आपण ठरवतो, आपल्याला ते चांगलं जमतं, असं वाटलं की ती टिकते. आता सांगा, नाचवलं कोण जातंय? शाल पांघरून घेणाऱ्या काकू, की स्वतःचा दर, स्वतःच्या वेळा आणि स्वतःचा नकार ठरवणारी शिकवणी घेणारी बाई? प्रयोगातल्या मुलाला ‘आज मी काढणार नाही, माझा दर परवडत नसेल तर पुढच्या टेबलावर जा’ असं म्हणायची सोय असती, तर निष्कर्ष काय आला असता, हे मला वाचायला आवडेल.

नकार हाच माझ्या मते पैशाचा सगळ्यांत मोठा फायदा आहे. फुकट करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. वेळ नाही म्हटलं तर ‘रिटायर झालात ना’, बरं नाही म्हटलं तर ‘सावकाश द्या’. दर सांगितला की मात्र निम्मे लोक स्वतःच नाही म्हणून जातात, आणि ज्यांना खरंच हवं आहे तेवढे उरतात. माझ्याकडे पूर्वी लोक मुलांच्या जुन्या वह्या, रद्दीतून काढलेली गाइडं, पावसात भिजलेली कॅलेंडरंसुद्धा बांधायला आणत. काकू, तुमच्या हाताला गंमत वाटेल, असं म्हणत. आता येतात ती आजोबांची ज्ञानेश्वरी, आईच्या हाताची पाककृतींची वही, केतकरांच्या ज्ञानकोशाचा पाठीतून सुटलेला खंड. छंद म्हणून जी पुस्तकं हाताळावीत असं मला नेहमी वाटायचं, ती दर लावल्यावर माझ्या टेबलावर आली.

आणि काम सुधारलं. हे सांगताना संकोच वाटत नाही, कारण श्रेय माझं नाही, व्यवहाराचं आहे. स्वतःची पुस्तकं बांधताना मी बाजारातली पांढरी गोंदाची डबी उघडून मोकळी व्हायचे. दुसऱ्याचं नव्वद वर्षांचं पुस्तक पैसे घेऊन हातात घेतलं तेव्हा विचार करावा लागला की उद्या हे पुन्हा कोणाला तरी सोडवावं लागेल. तो सिंथेटिक गोंद एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, सोडवायला गेलं तर कागदाची सालं निघतात. गव्हाच्या सत्त्वाची खळ पाण्याने सुटते. म्हणून खळ शिजवायला शिकले. जुने कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. त्यातल्या तांब्याने कागद लवकर खराब होतो हे वाचनात आलं तेव्हा ते सोडून लवंगेच्या तेलावर आले. पानांच्या कडेने भोकं पाडून सरळ टाके मारणं सोपं, पण तसं बांधलेलं पुस्तक पुरतं उघडत नाही, आणि स्वस्त लगद्याचा पिवळा पडलेला कागद असेल तर उघडताना कण्यापाशीच तुटतो. जुजबंदी शिलाईत प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, मधोमध घडीत शिवला जातो, पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. वेळ मात्र तिप्पट. नुसत्या हौसेत हे सगळं मी केलंच असतं, अशी खात्री मला देता येत नाही. समोर पैसे मोजणारा माणूस असला की ‘चालतंय’ म्हणता येत नाही.

आता त्या आक्षेपाकडे, जो खरा आहे आणि जो सोवळेवाले कधीच घेत नाहीत. तो घेतात ते ज्यांचं पोट त्या कामावर आहे ते लोक. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये पुस्तकबांधणी हाच ज्यांचा धंदा आहे अशी माणसं आहेत. मी अशाच एका कारागिराकडे उभं राहून पाहत पाहत शिकले. त्याला दुकानाचं भाडं आहे, कटिंग मशीनचा हप्ता आहे, हाताखालच्या पोरांचे पगार आहेत. मला काही नाही. टेबल जेवणाचं, वीज घरची, पोट पेन्शनीवर. मी शंभर रुपयांत पुस्तक बांधून देऊ लागले तर मला काही तोटा नाही, त्याच्या मात्र दिवसाच्या कमाईला तो धक्का आहे. लग्नाचे फोटो हौसेखातर पेट्रोलखर्चात काढून देणारे निवृत्त काका, घरी बसून महिना दोनशे रुपयांत हार्मोनियम शिकवणाऱ्या मावशी, ‘सामानाचे तेवढे द्या’ म्हणत केक विकणाऱ्या काकू, हे सगळे हेच करत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पोटावर पाय पडतो तो शेजारच्या तरुण व्यावसायिकाच्या.

पण या आक्षेपातून निघतं काय? फुकट करा, असं निघतं का? फुकट म्हणजे तर सगळ्यांत खालचा भाव. त्याच्याशी स्पर्धा कोण करणार? यातून निघतं ते असं की घ्यायचे तर पुरते घ्या. माझा हिशेब उघडा आहे. साधारण चारशे पानांचं जुनं पुस्तक सोडवून, फाटलेल्या घड्या पातळ कागदाने जोडून, शिवून, कापडी पुठ्ठ्यात बसवायला वाळण्याचा वेळ सोडून पाच तास लागतात. तासाला २०० रुपये धरले तर हजार झाले, कापड, पुठ्ठा, दोरा, खळ, अस्तराचा कागद मिळून १८०. म्हणजे ११८०. ऐकणारा दचकतो आणि म्हणतो, एवढ्यात तर नवीन पुस्तक येईल. येईल की, घ्या. ज्याला आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं हवं आहे तो थांबतो. जे काम गल्लीतला कारागीर माझ्यापेक्षा लवकर आणि स्वस्तात करतो, कॉलेजांचे प्रबंध, ग्रंथालयांचे गठ्ठे, दुकानांच्या चोपड्या, ते मी घेत नाही, त्याच्याकडे पाठवते. त्याच्याकडे कोणी किडलेली पोथी घेऊन आलं तर तो माझ्याकडे पाठवतो. तो कारागीर माझा दर ऐकून हसतो आणि म्हणतो, बाई, तुम्ही वाढवलात म्हणून मलाही दहा-वीस रुपये वाढवून मागता येतात.

सामानाचे तेवढे द्या, या वाक्याची तर मला चीडच आहे. त्यात नम्रता आहे असं बोलणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यात आपल्या पाच तासांची किंमत शून्य आहे असं आपणच जाहीर करतो, आणि तीच किंमत त्या कामातल्या सगळ्यांना चिकटते. साठ तास खपून विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ दोऱ्याच्या सहाशे रुपयांवर चारशे चढवून विकला, तर तासाला सात रुपयेही पडत नाहीत. एवढ्या कमी मजुरीवर ती बाई दुसऱ्या कोणाला कामाला ठेवू धजेल का?

दुसऱ्या टोकालाही एक जमात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. हे प्रोत्साहनवाले. दहा ऑर्डरी आल्या की यांना शंभर दिसतात, मग ब्रँड, मग फ्रँचायझी. केएफसीवाल्या कर्नल सँडर्सचा दाखला ठरलेला: बासष्टाव्या वर्षी सुरुवात केली! त्याने १९५२ मध्ये पहिली फ्रँचायझी दिली त्याच्या आधी वीसेक वर्षं तो रस्त्याकडेला लोकांना जेवू घालत होता. तो छंद नव्हता, चालू हॉटेल होतं. लिज्जतच्या सात बायकांनी १९५९ मध्ये गिरगावात ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटले तेही हौसेने नाही, संसाराला हातभार म्हणून. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये. निवृत्त माणसाकडे जी एक गोष्ट भरपूर असते ती म्हणजे वाढ न करण्याचं स्वातंत्र्य. पोटासाठी धंदा करणाऱ्याला थांबून चालत नाही, कारण हप्ते थांबत नाहीत. आपल्याला चालतं. पावसाळ्यात मी काम घेतच नाही. खळ वाळत नाही, पुठ्ठा वाकतो, बुरशी येते. जून ते सप्टेंबर दरपत्रक पेटीत. कुठल्या गुंतवणूकदाराला हे पटेल?

नियमांचा बाऊही उगीच केला जातो. नोकरीत असेपर्यंत सरकारी माणसाने परवानगीशिवाय खासगी धंदा करू नये, राज्य सरकारचे १९७९ चे वर्तणूक नियम त्याला आहेत. निवृत्तीपर्यंत कळ काढावी. घरून खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेच्या नियमांत छोट्या उलाढालीला साधी नोंदणी ठेवलेली आहे. चौदा आकडी क्रमांक मिळतो तो पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत. आलेलं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं, छोट्या धंद्याला वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरण्याची सोय आहे. ज्याने नोकरीत तीस वर्षं रजेचे अर्ज आणि प्रवासभत्त्याची बिलं भरली, त्याला हे जड जाऊ नये. पावती मात्र द्यावी. घरच्या माणसाला तर आवर्जून द्यावी.

नाती तुटतात, असं शेवटी म्हणतात. माझ्या पाहण्यात पैसे मागितल्याने तुटलेली नाती थोडी आहेत, न मागता मनात धुमसत राहिल्याने कडवट झालेली पुष्कळ. भाचीला मी तिच्या लग्नात बांधलेलं पुस्तक भेट दिलं, त्याचं बिल तिला गेलं नाही, कारण ती भेट होती. भेट काय आणि काम काय हे ठरवण्याचा हक्क देणाऱ्याकडे असावा, एवढंच मी म्हणते आहे. आज तो घेणाऱ्याकडे आहे. तुमचं कुठलं काम भेट आहे हे तेच परस्पर ठरवतात आणि वर तुम्ही किती निरिच्छ आहात म्हणून चारचौघांत सांगतात.

हात थकल्यावर काय, असंही मला विचारलं जातं, जणू धंदा केला म्हणजे मरेपर्यंत गाडा ओढायला हवा. सुई धरताना हात कापायला लागला की दुसऱ्याचं पुस्तक घ्यायचं नाही, हे ठरलेलं आहे. पत्त्याच्या कार्डावर तशी ओळ लिहायची आणि येणाऱ्यांना गल्लीतल्या कारागिराकडे पाठवायचं. त्यानंतर माझ्या कपाटातली माझी स्वतःची पुस्तकं उरतील. ती मी वेडीवाकडी का होईना, शिवत बसेन, आणि त्या वाकड्या टाक्यांबद्दल मला कोणालाही जाब द्यावा लागणार नाही.